आडोसा हवा, पण तो पत्र्याचा कशाला?

माननीय संपादक,
सा. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या घरमालकांपुढे दोन कामे हमखास उभी राहतात : घर शाकारणे आणि कुंपण नीट करणे. यांतले दुसरे काम अलीकडे ज्या तऱ्हेने होऊ लागले आहे, त्याविषयी आपल्या वाचकांपुढे चार गोष्टी मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठल्याही गावातून जाताना चिऱ्यांच्या जुन्या कमरेएवढ्या भिंतीवर लोखंडी खांब रोवून त्यांना निळे किंवा हिरवे पत्रे ठोकलेले दिसतात. पत्रा परवडत नसेल तिथे रोपवाटिकेत सावलीसाठी वापरतात ती हिरवी जाळी ताणलेली असते, आणि ती फार तर दोन पावसाळे काढून चिंध्यांसारखी लोंबू लागते. ज्यांच्यापाशी पैसा आहे ते सरळ काँक्रीटची उंच भिंत घालून मोकळे होतात. हे सारे कशासाठी, तर बाहेरची नजर आत येऊ नये म्हणून.

ही गरज खोटी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. भाटांचे, म्हणजे माडाझाडांच्या बागायतींचे, तुकडे पडले, पूर्वी जिथे शेजाऱ्याचे परसू होते तिथे चार मजली इमारत आली आणि तिचे सगळे सज्जे आपल्या अंगणावर उघडले. पलीकडच्या बंगल्यात दर आठवड्याला नवे पाहुणे उतरतात आणि त्यांच्या हातात कॅमेऱ्याचे फोन असतात. तुळशीपुढे दिवा लावणाऱ्या, विहिरीवर कपडे धुणाऱ्या किंवा दुपारी केस मोकळे सोडून अंगणात बसलेल्या बाईला आपल्या घरात निवांतपणा हवासा वाटणे यात शेजाऱ्याशी वैर धरण्यासारखे काही नाही. पूर्वी वईपलीकडून, म्हणजे झाडाझुडपांच्या कुंपणापलीकडून, कोण बघते आहे हे नावानिशी ठाऊक असे, त्यामुळे त्या बघण्याचा जाच होत नसे. आता तसे राहिले नाही. तेव्हा आडोसा हवाच, प्रश्न आहे तो कशाचा आणि कुठे, एवढाच.

यातला ‘कुठे’ हा भाग बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. आडोसा म्हटला की तो हद्दीवरच असला पाहिजे अशी आपली समजूत असते, आणि तिथेच निम्मा खर्च वाया जातो. शाळेत समरूप त्रिकोण शिकलेल्या कुणालाही हा हिशेब करता येईल. समजा, अंगणात आपण खुर्ची टाकून बसलो आहोत, बसल्या माणसाचे डोके जमिनीपासून १.२ मीटरवर आहे, हद्द खुर्चीपासून ४ मीटरवर आणि शेजारच्या इमारतीचा सज्जा १२ मीटरवर आहे. पहिल्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाची नजर ४.८ मीटर उंचीवरून येते असे धरले, तर ती अडवायला हद्दीवर २.४ मीटर उंचीचा पडदा लागतो. तोच पडदा खुर्चीपासून दीड मीटरवर असेल तर १.६५ मीटर पुरतो. आता तो माणूस दुसऱ्या मजल्यावर गेला आणि त्याची नजर ७.८ मीटरवरून येऊ लागली, तर हद्दीवरची भिंत ३.४ मीटर उंच करावी लागेल, आणि एवढी उंच भिंत घालू देणारी पंचायत मला तरी ठाऊक नाही. खुर्चीजवळचा पडदा मात्र दोन मीटरच्या किंचित वर गेला की काम भागते. म्हणजे जिथे आपण खरोखर बसतो, धुणे धुतो किंवा न्हाणीकडे ये-जा करतो, त्या जागेला लागून चार खांबांचा एक माटव (मांडव) उभारून त्यावर वेल सोडली, तर आख्ख्या हद्दीला पत्रे ठोकण्यापेक्षा अधिक आडोसा मिळतो, आणि वरून बघणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या मजल्याचाही त्यातच बंदोबस्त होतो. हद्दीवर मग डोक्याएवढी वई पुरते, कारण रस्त्यावरून चालणाऱ्याची नजर तेवढ्यानेही अडते. झाडे घेण्याआधी घरातल्या एकाला खुर्चीवर बसवून दुसऱ्याने हातात काठी धरून अंगणभर फिरावे. काठीचे टोक पलीकडच्या सज्जाच्या आड कुठे येते ते पाहिले की रोप कुठे लावायचे आणि किती उंच होऊ द्यायचे, दोन्ही ठरते.

आता पत्रा आणि भिंत यांविषयी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. आपली बहुतेक घरे उतारावर आहेत. वरच्या भाटातले पाणी जुन्या गडग्याच्या, म्हणजे रचीव दगडी बांधाच्या, फटींतून आणि वईच्या मुळांतून वाट काढत खाली जात असे. त्या जागी सलग काँक्रीट आले की पाणी भिंतीमागे तुंबते, माती फुगते आणि एखाद्या रात्री भिंत आडवी होते. कुंपणाच्या भिंती कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या जवळजवळ दर पावसाळ्यात आपणच छापत असता. पत्र्याची गत निराळी. सलग पत्र्यावर वारा आदळतो, वरून उसळी घेऊन पलीकडे भोवरे करतो आणि मेअखेरच्या वळिवात खिळे सैल झालेला पत्रा दिवसभर थडथडत राहतो. हिरव्या कुंपणातून निम्माअर्धा वारा गाळून आत येतो, त्यामुळे त्याचा जोर मोडतो आणि अंगणही कोंदट होत नाही. पश्चिमेकडच्या पत्र्याजवळ एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता ज्याने उभे राहून पाहिले आहे, त्याला उष्णतेविषयी अधिक सांगायला नको. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे : एका रांगेच्या कुंपणाने धूळ अडते, नजर अडते, पण रस्त्याचा आवाज काही अडत नाही. ज्याला महामार्गाचा गोंगाट थांबवायचा आहे त्याला चिऱ्यांची भिंतच घालावी लागेल, वेलींकडून ती अपेक्षा धरू नये.

लावायचे काय, हा खरा विषय. बाजारात आज जे मिळते ते पाहून लावणे म्हणजे दुकानदाराच्या सोयीने घर सजवणे. रोपवाटिकेत ‘कुंपणासाठी काहीतरी द्या’ म्हटले की खोटा अशोक, डुरांटा, पिवळा बांबू आणि अलीकडे कोनोकार्पस, एवढ्यांतलेच काहीतरी गाडीत चढते. कोनोकार्पस झपाट्याने वाढतो, दाट होतो, कात्री मारली की भिंतीसारखा सरळ दिसतो, म्हणून तो विकला जातो. पण त्याची मुळे गटारांत आणि नळांत शिरतात, त्याच्या परागकणांच्या त्रासाविषयी तक्रारी आहेत, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. दुसऱ्या राज्याने धडा घेतल्यावर आपण त्याची रोपे पैसे मोजून आणावीत, हे मला समजत नाही. खोटा अशोक झाड म्हणून वाईट नाही, पण हातभर अंतरावर रांगेत कोंबला की काही वर्षांत वर हिरवा आणि खाली उघडा होतो, आणि आपल्याला तर पडदा नजरेच्या उंचीला हवा असतो. पिवळा बांबू दहा मीटरच्याही वर जातो आणि त्याचे बेट पसरत जाते. शंभर-दीडशे चौरस मीटरच्या अंगणात त्याला जागा नाही. बांबूच हवा असेल तर बुटक्या जातीचा, बेट करून राहणारा घ्यावा, जमिनीखालून धावणारा तर कधीच नको. डुरांट्याची पिवळी फळे विषारी आहेत, कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी, आणि शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांवर बेतू शकते. लहान मुले आणि गुरे असलेल्या घराने हे तिन्ही टाळावेत.

याउलट आपल्याकडे काय आहे ते पाहा. ज्याला घाई आहे त्याने गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) काठ्या लावाव्यात. जून झालेली, मनगटाएवढी जाड फांदी दीड-दोन मीटर लांब तोडायची, खालचे टोक तिरके कापायचे, आणि पहिल्या पावसाने जमीन भिजली की पाऊण-एक मीटर अंतरावर हातभर खोल रोवायची. काही आठवड्यांत तिला पालवी फुटते. वर्षातून दोन-तीनदा छाटून निघालेला पाला माडाच्या किंवा पोफळीच्या आळ्यात घातला तर नत्राचे खत फुकट मिळते, कारण हे झाड द्विदल वर्गातले आहे. त्याला उंदीरमारी असेही म्हणतात आणि ते नाव उगीच पडलेले नाही, म्हणून त्याच्या बिया आणि साल कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जाणार नाहीत एवढे बघावे. पण एक अडचण कुणी सांगत नाही : गिरिपुष्प जानेवारी ते मार्च या काळात पाने गाळून गुलाबी फुलांवर येते. म्हणजे पर्यटकांचा हंगाम ऐन भरात असताना, जेव्हा पलीकडचा सज्जा माणसांनी भरलेला असतो, नेमका तेव्हाच आपला पडदा उघडा पडतो. म्हणून गिरिपुष्प हे कायमचे कुंपण नसून हळू वाढणारी झाडे मोठी होईपर्यंतची दोन-तीन वर्षांची सोय आहे असे समजून लावावे, आणि त्याच्या आतल्या बाजूला बारमाही हिरवी झाडे त्याच पावसात लावून टाकावीत.

बारमाही हिरव्या झुडपांत माझी पहिली पसंती पिटकुळीला (इक्झोराला). लाल पिटकुळी ही मुळातच पश्चिम घाटाच्या बाजूची, आपल्या जांभ्या मातीचा आंबटपणा तिला मानवतो, ऊन लागते आणि छाटणी सोसते. मात्र नव्या सिमेंटच्या भिंतीला चिकटून ती लावू नये. आमच्या वाड्यावर एका घरी भिंतीलगत लावलेल्या पिटकुळीची पाने शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळाधमक अशी झाली होती. घरच्यांनी कीड समजून दोनदा फवारणी केली. खरे कारण असे, की भिंतीतला चुना पावसाने झिरपून माती बदलते आणि रोपाला लोह घेता येत नाही. भिंतीपासून हात-दीड हात सोडून शेणखत आणि पाचोळा घालून लावलेल्या त्याच रोपाच्या बहिणी तजेलदार होत्या. तिच्या जोडीला जास्वंद : वाढ चटकन होते आणि रोजच्या पूजेची फुले दारात मिळतात, पण पिठ्या ढेकणाकडे लक्ष ठेवावे लागते. अडुळसा आणि निर्गुंडी काठीपासून होतात आणि गुरे-शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत, त्यामुळे मोकाट गुरांच्या वाटेवरच्या बाजूला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. सड्यावरच्या उघड्या, कातळाच्या जागेत करवंद लावावे. ते सावकाश वाढते, पण एकदा दाट झाले की कुत्रेसुद्धा आत घुसत नाही, आणि चैत्र-वैशाखात मुलांची चंगळ होते. झुडपे एका रांगेत न लावता दोन रांगांत, दोन-अडीच फुटांच्या अंतराने, पुढच्या रांगेतल्या फटीसमोर मागचे रोप येईल अशी लावली तर पडदा लवकर मिटतो. एकाच जातीची शंभर रोपे लावण्याचा मोह टाळावा. एक रोग आला तर सगळी रांग बसते. पांगाऱ्याचे असेच झाले : मिरीच्या वेली ज्या झाडावर पिढ्यान्‌पिढ्या चढत होत्या, त्याच्या पानांवर गाठी करणारी परदेशी गांधीलमाशी साधारण २००५ पासून दक्षिण भारतात पसरली आणि पांगारेच्या पांगारे रोडावले.

उंच आडोसा हवा असेल आणि जागा असेल, तर कोकम, ओवळ (बकुळ) आणि सुरंगी यांचा विचार करावा. कोकम बारमाही हिरवे, फांद्या खाली झुकलेल्या, आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत शंकूसारखे भरलेले असते. असा बांधा पडद्यासाठी मुद्दाम घडवला तरी जमणार नाही. इथे एक बारकावा आहे. कोकमाच्या झाडांत नर आणि मादी निरनिराळी असतात, त्यामुळे बियांपासून केलेल्या रोपांत किती झाडे फळणार हे आधी कळत नाही, म्हणून जाणकार कलमे घ्यायला सांगतात. पण बाजूच्या आडव्या फांदीच्या काडीपासून केलेले कलम उंच न होता आडवे पसरते. सोलांसाठी (आमसुलांसाठी) कलम आणि आडोशासाठी बियांचे रोप, अशी दोन्ही मिळून लावली तर दोन्ही गोष्टी साधतात. ओवळ आणि सुरंगी सावकाश वाढतात आणि त्यांची फुले वेचायला मिळण्यासाठी पुष्कळ वर्षे थांबावे लागते. ज्यांचे घर पुढच्या पिढीला जाणार आहे त्यांनी ती जरूर लावावीत, भाड्याच्या घरातल्यांनी नाही लावली तरी चालेल.

चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधणाऱ्या प्रत्येक घराला अशा मिश्र वईचा आणखी एक उपयोग आहे. शिपटे, तोरिंजन, कांगलां, कवंडळां हे माटोळीचे सगळे साहित्य आज बाजारात जाऊन चढ्या भावाने आणावे लागते, किंवा कुणीतरी रानात जाऊन ओरबाडून आणलेले असते. माटोळी स्पर्धांमुळे ही मागणी वाढलीच आहे. वईत एक तोरिंजनाचे झाड, वेलीच्या माटवावर एक कवंडळ, कोपऱ्यात दिंड्याचे एक झुडूप, जे तुळशीच्या लग्नाला लागतेच, आणि पायथ्याशी पातोळ्यांच्या पानांसाठी हळद, एवढे लावायला जागा फारशी लागत नाही. आपली कुळागरे याच रीतीने उभी आहेत : वर माड-पोफळ, त्यांच्या अंगावर मिरी, मध्ये केळ, खाली अननस आणि हळद. कुळागरात उभे राहून दहा पावलांपलीकडचा माणूस दिसत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आडोशाची कल्पना परदेशी छायाचित्रांतून उचलण्याचे कारण नाही.

वेलींविषयी दोन शब्द. मधुमालती आणि बोगनवेल या दोन्ही जोमदार असतात, आणि त्यांचे ओझे पावसात भिजल्यावर दुप्पट वाटते. त्या कुंपणाच्या नाजूक जाळीवर सोडल्या तर वेल राहते आणि जाळी झोपते. त्यांच्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्यांचा किंवा चिऱ्याच्या खांबांचा पक्का माटव हवा. बोगनवेलीला भरपूर ऊन आणि बेताचे पाणी लागते, सावलीत ती नुसती काटे वाढवते. कृष्णकमळ एका मोसमात जाळी झाकते. गोकर्ण आणि घोसाळी हलक्या, म्हणून तात्पुरत्या जाळीवर चालतात, पण घोसाळी ऋतूपुरतीच. सावलीत, आंब्या-फणसाखाली, जिथे फुलवेली रुसून बसतात, तिथे मिरीसारखी वेल नाही. ती आपल्या मुळांनी खोडाला धरून वर चढते, पाने वर्षभर गर्द राहतात आणि घरची मिरीही मिळते. पोफळीच्या रांगेत पावणेतीन मीटरचे अंतर ठेवून प्रत्येक खोडावर मिरी चढवली तर उघड्या खोडांची तक्रारच उरत नाही. जाई-जुईला बसण्याच्या जागेजवळ ठेवावे, हद्दीवर घालवू नये, कारण वास आपल्याला हवा, रस्त्याला नव्हे.

किनाऱ्यालगत आणि खाजनांजवळ, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतांजवळ, यांपैकी बरीच नावे बाद होतात. खाऱ्या वाऱ्याने जास्वंदीच्या पानांच्या कडा करपतात. तिथे उंडी, करंज, परसभेंडी आणि जागा ओलसर असेल तर केवडा, ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. त्यांतली परसभेंडी काठीपासूनही होते.

लावणीची वेळ आणि पहिले दोन उन्हाळे यांवर सगळे अवलंबून आहे. पर्वरी किंवा वेर्णे येथील पठारांवर हातभर मातीखाली जांभा लागतो. तिथे पहारीने दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन, त्यात बाहेरची माती, शेणखत आणि पाचोळा भरल्याशिवाय कुठलेही रोप तग धरणार नाही, आणि खड्ड्याच्या तळाशी पाणी साचत असेल तर रोप पावसाळ्यात कुजेल, म्हणून उताराकडच्या बाजूला एक चर काढून ठेवावा. खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत, लावणी मृगाच्या सरींनंतर करावी. जुलैच्या मुसळधारीत लावलेले रोप मुळे धरण्याआधी हलते. पाऊस सरल्यावर नोव्हेंबरपासून मेपर्यंत पाणी द्यावे लागते, आणि इथेच बहुतेक कुंपणे मरतात. आळ्यात चार बोटे जाड सुक्या पानांचे आच्छादन घातले तर निम्मे पाणी वाचते. आपण तीच पाने रोज सकाळी झाडून जाळतो.

हिरव्या वईला विरोध करणारे पहिला आक्षेप सापांचा घेतात. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण नाग, कांडर (मण्यार), घोणस आणि फुरसे, चारही प्रमुख विषारी साप आपल्याकडे आहेत. पण साप येतो तो उंदरामागे आणि बेडकामागे. चिऱ्यांचा पडलेला ढीग, पत्र्यामागे रचलेली लाकडे आणि उघडा कचरा या गोष्टी वईपेक्षा त्याला अधिक आवडतात, आणि फुरशाला तर दगडाखालची कोरडी जागाच हवी असते. वईच्या खालचा वीतभर भाग छाटून मोकळा ठेवला, म्हणजे खालून पलीकडचे दिसेल इतका, आणि पायवाटेपासून दोन हात अंतर राखले, तर हा प्रश्न पुष्कळ हलका होतो.

दुसरी भीती कायद्याची. गोव्यात १९८४ पासून वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि स्वतःच्या जमिनीतले झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. माडाला २०१६ मध्ये या संरक्षणातून वगळले गेले, त्यावरून किती गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल, आणि २०१७ मध्ये त्याला पुन्हा आत घेतले गेले. ‘उद्या तोडता येणार नाही, मग लावायचे कशाला’ असे म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे की तोडावे लागेल अशा जागी झाड लावूच नये : घराच्या पायापासून, मलटाकीपासून आणि विहिरीपासून मोठे झाड दूर, विजेच्या तारांखाली फक्त झुडपे, आणि हद्दीच्या रेषेपासून आत दोन-तीन फूट सोडून लावणी, म्हणजे छाटणीसाठी शेजाऱ्याच्या अंगणात उतरावे लागत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात वीजवाहिन्यांवर झाडे कोसळून गावेच्या गावे किती दिवस अंधारात होती, हे विसरून तारांखाली अशोकाची रांग लावणाऱ्यांनी पुढे वीज खात्याच्या कोयत्याला दोष देऊ नये. आणि लावण्याआधी शेजाऱ्याच्या कानावर घालावे. पत्रा ठोकल्यावर बोलणे बंद झालेली घरे मला ठाऊक आहेत. वईवरून मात्र अजून तरी घोसाळी आणि तोरिंजने इकडून तिकडे जातात.

या विषयात सरकारी खात्यांना करण्यासारखे बरेच आहे. वनमहोत्सव १९५० पासून दर जुलैत होतो आणि त्या निमित्ताने वाटली जाणारी रोपे प्रामुख्याने मोठ्या वृक्षांची असतात, जी लहान अंगणात लावता येत नाहीत. वन खात्याने आणि विभागीय कृषी कार्यालयांनी त्यांच्या जोडीला पिटकुळी, अडुळसा, निर्गुंडी, करवंद, बियांची कोकमे आणि मुळे फुटलेल्या मिरीच्या वेली कुंपणाची रोपे म्हणून एकत्र, वाजवी दरात उपलब्ध करून द्याव्यात, आणि त्या जुलैत नव्हे तर जूनच्या पहिल्या आठवड्यात हाती पडतील असे पाहावे. जुन्या गोव्यातील एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तिने खाऱ्या जमिनीसाठी, सड्यासाठी आणि सावलीसाठी कोणती झुडपे घ्यावीत याचे एक पानी मराठी आणि कोंकणी पत्रक काढले, तर पंचायती ते कुंपणाच्या परवान्याचा अर्ज घेतानाच लोकांना देऊ शकतील. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत रंगकाम आणि लिफ्ट यांच्यापुढे हा विषय कधी येत नाही. तळमजल्यावरच्या रहिवाशांनी तो लेखी देऊन यंदा तरी विषयपत्रिकेवर आणावा.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की शेती आणि बागकामाच्या सदरात कुठल्या तालुक्यात कुठल्या रोपवाटिकेकडे ही देशी रोपे आणि गिरिपुष्पाच्या काठ्या मिळतात, त्याची माहिती मेअखेरपूर्वी छापावी. काठ्या मृगाच्या आधी तोडून चार दिवस सावलीत उभ्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे ही माहिती जूनच्या मध्यावर आली तर ती पुढच्या वर्षीच उपयोगी पडेल.

आपला,
एक नियमित वाचक,
फोंडा तालुका, गोवा